तोरणमाळच्या घाटात कळलावीचा फोटो

शहाद्याहून म्हसावदमार्गे राणीपूर ओलांडलं की गाडीचा एसी बंद करा, काचा खाली घ्या. थंडगार कॅमेरा घाटातल्या दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं आणि पुसत बसलं तरी ते पुन्हा येतं. कॅमेरा पिशवीतच चेन लावून पंधरावीस मिनिटं राहू द्यावा.

पावसाळ्यात रस्त्याकडेच्या झुडपांवर कळलावी चढलेली दिसते. पानांची टोकंच तणावे होऊन आधार धरतात. फूल खाली झुकलेलं, सहा पाकळ्या मात्र मागे वळून वर उभ्या, कडा नागमोडी. नवीन फूल हिरवट-पिवळं असतं, मग टोकाकडून लाल चढत जातं. दोन्ही रंग एकाच पाकळीवर असतात तेव्हाचं फूल निवडा, माझ्या मते तेच सर्वांत देखणं.

सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/२.८ इतकं मोठं ठेवलं तर एखादाच परागकोश स्पष्ट येतो, बाकी सगळे विरघळतात. म्हणून छिद्र लहान, एफ/८ ते एफ/११ ठेवा आणि कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणा. वरून घेतला तर केसर पाकळ्यांआड जातात. वाऱ्यासाठी शटर किमान १/२५० सेकंद, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८००-१६०० पर्यंत न्यावा लागला तरी चालेल. जीप गेली की वेल बराच वेळ झुलते, ती थांबू द्या. जवळ काठी रोवून कपड्याच्या चिमट्याने वेल हलकेच धरता येते, चिमट्यात कापूस घालायला विसरू नका, देठ चिरडतो.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते लाल रंगामुळे. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा भाग, म्हणजे लाल चॅनल, उजव्या टोकाला आपटलेला असतो, लालातला तपशील जळून जातो. पाकळी मग प्लास्टिकसारखी सपाट, कडेची लाट गायब. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा, एक्स्पोजर -०.७ करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या. ऊन कडक असेल तर फुलावर पांढरी छत्री धरा.

केना या रानफुलाचा फोटो हवा असेल तर आधी तो उरका, निळ्या पाकळ्या दुपारपर्यंत मिटतात. तेरड्याला घाई नाही.

वळणावर गाडी लावू नका, दरड सैल असते तिथेही नको. आणि कळलावी तोडू नका. कंदासकट सगळी वेल विषारी आहे, हात लागला असेल तर शिदोरी सोडण्याआधी साबणाने धुवा.