लाल पट्टा शोधता शोधता

मेलबर्नला येऊन तीनच महिने झाले होते. जानेवारीचा उन्हाळा. गॅरेजच्या कपाटामागे काळाकुळकुळीत कोळी दिसला आणि मी चप्पल उगारली. शेजारचे आजोबा म्हणाले, हा रेडबॅक, म्हणजे इथला लाल पाठीचा विषारी कोळी नव्हे, त्याच्या नात्यातला कपाटातला कोळी. पाठीवर लाल पट्टा कुठाय? खऱ्या रेडबॅकचा पत्ता त्यांनी न बघताच सांगितला: अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांखाली.

खुर्ची उलटी केली. रेडबॅकची मादी होतीच! वाटाण्याएवढं चकचकीत काळं पोट, वर लाल पट्टा, खाली डमरूसारखी लाल खूण. जाळं मात्र अगदी गबाळं. नुसता गुंता, आणि त्यातून जमिनीपर्यंत ताणलेले चिकट धागे. शेजारी सेंटिमीटरभराचे दोन पिवळसर गोळे. एकेका गोळ्यात अडीचशेच्या आसपास अंडी असतात म्हणे.

घाम फुटला तो पुढेच. जाळ्याच्या कडेला एक बारकुडा, तपकिरी, पांढऱ्या खुणांचा कोळी होता. असले तर मी आठवडाभर हातानेच झटकत होते! ते याच जातीचे नर किंवा वाढती पिल्लं. मादीसुद्धा लहानपणी अशीच दिसते. कात टाकत टाकत काळी होते. नर जेमतेम ३-४ मिलिमीटरचा, आणि त्याची तऱ्हा ऐका: मीलनाच्या वेळी कोलांटी मारून स्वतःच मादीच्या तोंडाशी पोट नेतो. बहुतेकदा ती त्याला खाते. साठवलेल्या वीर्यावर पुढे दोन वर्षांपर्यंत तिचा संसार चालू शकतो.

मादी चावलीच तर साप चावल्यावर बांधतात तशी दाबपट्टी बांधायची नाही, असं आजोबांनी बजावलं. विष हळू पसरतं, दाबाने दुखणं मात्र वाढतं. बर्फ लावायचा आणि विषमाहिती केंद्राला १३ ११ २६ वर फोन करायचा. प्रतिविष १९५६ पासून आहे, हे ऐकून जरा जीवात जीव आला.

मादीचा निकाल आजोबांनी बुटाने लावला. एक गोळा मी हट्टाने बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवला. काही दिवसांनी आत बारीक ठिपक्यांची गर्दी दिसू लागली. मग ती रोज विरळ होत गेली, कारण पिल्लं एकमेकांनाच खात होती. बाहेर असती तर उरलेली रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर उडाली असती. तेवढं धाडस मला झेपणारं नव्हतं. बरणी थेट फ्रीजरमध्ये गेली, आम्रखंडाच्या डब्याशेजारी. नवऱ्याने तो डबा अजून उघडलेला नाही.