आजचं प्रॅक्टिकल

आज नेटवर्क सिक्युरिटीच्या लॅबमध्ये अंगावर काटा आला. सरावासाठी बनवलेल्या साध्या एचटीटीपी पानावर लॉगिन केलं आणि वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारी माहिती पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) पोर्ट ८०चं, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या वाटेचं, पॅकेट उघडलं. माझा पासवर्ड जसाच्या तसा, अक्षरन् अक्षर समोर! तेच पान पोर्ट ४४३वरून, म्हणजे माहिती कूटबद्ध करणाऱ्या एचटीटीपीएसने, उघडलं तर नुसती अगम्य अक्षरं.

मग मॅडमनी डिफी-हेलमन करून घेतलं, म्हणजे सगळ्यांसमोर बोलूनही दोघांनी एकच गुप्त संख्या ठरवायची पद्धत. १९७६ची कल्पना. मूळ संख्या २३, पाया ५, दोन्ही सगळ्यांना माहीत. मी मनात ६ धरला, मैत्रिणीने १५. ५चा सहावा घात, २३ने भागून बाकी ८. ते मी मोठ्याने सांगितलं. तिने तसंच ५चा पंधरावा घात करून सांगितलं १९. मग वहीत आपापलं गणित, मी तिच्या १९चा सहावा घात, तिने माझ्या ८चा पंधरावा, पुन्हा २३ने भागून बाकी, आणि दोघींचं उत्तर २! गुपित कुणीच उच्चारलं नव्हतं. (खऱ्या वापरात संख्या शेकडो आकडी असतात, म्हणून ऐकणाऱ्याला ते गुपित शोधून काढता येत नाही.) किती सुंदर आहे हे!

संध्याकाळी आईचा फोन. ‘केवायसी संपलंय’ म्हणत कुणीतरी तिच्याकडे ओटीपी मागत होतं. तिने दिला नाही, पण आवाज थरथरत होता. अर्धा तास बोलत बसले. रविवारी घरी जातेय, तिच्या मोबाईलची सगळी सेटिंग्ज तिच्या शेजारी बसून बघणार आहे.