आमची वाटचाल : ठाण्याच्या नौपाड्यातील छायाचित्रण कार्यशाळा

आमच्या कार्यशाळेत पहिल्या रविवारी जो कागद हाती दिला जातो, त्यावर ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या, आकड्यांची ओळ अशी छापलेली आहे : १.४, २, २.८, ४, ६.५, ८, ११, १६. पाचवा आकडा ५.६ हवा, हे जाणकारांच्या लक्षात आलेच असेल. चूक माझीच. मजकूर टाइप करताना आकडे उलटे पडले आणि झेरॉक्सच्या शंभर प्रती निघाल्यावर ते ध्यानात आले. त्या वेळी शंभर प्रती रद्दीत घालण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून प्रत्येक प्रत पेनाने दुरुस्त केली. पुढे याच चुकीने मला सांगितले, की दोन इमारती सोडून सुरू झालेल्या नव्या वर्गात आमचाच कागद वाटला जात आहे.

वडिलांचा नौपाड्यात स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्ने, मुंजी. डिजिटल आले, रोल धुण्याचे काम संपले आणि डार्करूमच्या खोलीत सतरंजी टाकून एका मित्रासह मी कार्यशाळा सुरू केली. मूलभूत भाग माझा, दिव्यांच्या प्रकाशाचा भाग त्याचा. करार तोंडीच होता. जे कोणी भागीदारीत धंदा करायच्या विचारात असतील, त्यांना माझे सांगणे आहे की मैत्री कितीही जुनी असो, स्टँप पेपर आणा आणि विद्यार्थ्यांची नोंदवही कोणाची, हे त्यावर लिहून घ्या.

आमची नोंदवही मित्राकडे होती. एका मे महिन्यात त्याने वेगळे होत असल्याचे सांगितले, आणि जूनच्या तुकडीसाठी नाव घातलेले बावीसच्या बावीस विद्यार्थी त्याच्याकडे गेले. आमचे दोन रविवारांचे काम त्याने एका दिवसात बसवले आणि वर प्रमाणपत्र व कॅमेऱ्याची बॅग फुकट ठेवली. त्याने काही बेकायदा केले असे मी म्हणत नाही. परंतु त्याच्या वर्गातून आलेल्या एका मुलाने तो कागद माझ्यासमोर ठेवला, तेव्हा त्यावर ६.५ तसाच होता. पेनाची दुरुस्तीसुद्धा नव्हती. यातील प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट असतो आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो, हे मित्राला माझ्याइतकेच ठाऊक होते. त्याने तो कागद वाचलाच नसावा. विद्यार्थी नेले, ते मी पचवले. शिकवणाऱ्याने स्वतःचा कागद वाचू नये, हे मला आजही पचत नाही.

जूनच्या त्या पहिल्या रविवारी मुसळधार पाऊस होता. खोलीचे भाडे दोन महिने थकलेले, आणि सकाळी साडेनऊ वाजता जिन्यात एकच छत्री झटकल्याचा आवाज आला. कोपरीहून येणारे, नोकरीतून निवृत्त झालेले आमचे एक काका होते ते. हीच कार्यशाळा त्यांनी आधी दोनदा केलेली होती. मी म्हणालो, "काका, आज वर्ग होणार नाही, कोणीच नाही." त्यांनी पूर्ण फी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मी आहे ना, मास्तर? मग सुरू करा."

त्या दिवशी सायंकाळपर्यंत मी एका माणसाला शिकवले. त्यांनी सोबत आणलेला जुना पेंटॅक्स के-१००० आम्ही रोल न घालता, मागचे दार उघडून हाताळला. ५० मिलिमीटरची लेन्स, शटर बी वर. १६ आकड्यावर बटण दाबून धरले की पडदा उघडा राहतो आणि मागून जेमतेम तीन मिलिमीटरचे भोक दिसते. २ वर तेच पंचवीस मिलिमीटर होते. आकडा मोठा असता भोक लहान का, हा प्रश्न पुस्तकात वाचून सुटत नाही, पण ५० ला १६ ने भागून मग डोळ्याने ते भोक पाहिले की पुन्हा विचारावा लागत नाही. मागून पाहताना काका म्हणाले, "म्हणजे पोळीसारखेच की! सोळावा तुकडा अर्ध्यापेक्षा लहानच असणार." हे वाक्य मी आजतागायत त्यांच्या नावावर वापरतो. जाताना कॅमेरा त्यांनी तेथेच ठेवला. म्हणाले, घरी कपाटात पडून राहण्यापेक्षा येथे मुलांच्या हाती लागलेला बरा.

त्यानंतरची बरीच वर्षे व्यवस्थित गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा सर्वांनी पडद्यावरून वर्ग घेतले. आम्ही घेतले नाहीत, कारण शटर दाबणारे बोट पडद्यावरून धरता येत नाही. मित्राचा वर्ग आता नाही, यात मला आनंद वाटतो असे कोणी समजू नये. थोडासा वाटतो.

आजही दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही तलावपाळीवर जातो. आधी पांढरी चादर आणि काळी छत्री उन्हात ठेवून दोन्हींचा वेगवेगळा फोटो ऑटो मोडवर घ्यायला लावतो. दोन्ही करड्या येतात, कारण कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोरचे सारे मध्यम करडेच वाटते. मग एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, चादरीला वाढवायचे आणि छत्रीला घटवायचे, हे कोणी सांगावे लागत नाही. नंतर रस्त्यावरची धावती रिक्षा, शटर १/१५ सेकंदाला ठेवून, तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत टिपायची. पहिल्या वीस फोटोंत रिक्षा नसतेच.

नव्याने कॅमेरा घेणाऱ्यांना, विचारलेले नसतानाही, सांगतो : बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, जुनी घ्या आणि उरलेल्या पैशांत ५० मिलिमीटरची १.८ ॲपर्चरची लेन्स घ्या. ठाण्याच्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कधीही ठेवू नका. लेन्सला बुरशी तेथूनच लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरते, फक्त जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागते.

कागदावरचा ६.५ मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. दुसऱ्या रविवारपर्यंत तो ज्याला सापडतो, त्याला काकांचा कॅमेरा पहिल्यांदा हाताळायला मिळतो. त्या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करण्याचे बटण नाही, लेन्सवर उजेड पडला की सेल खर्च होत राहतो, म्हणून कोणी तो उघडाच टेबलावर ठेवला, की मी शिकवणे मध्येच थांबवून काकांच्याच आवाजात ओरडतो, "अहो, झाकण लावा, सेल उतरेल!"