दोन चंद्रांची साडेसाती : गोवा दुसऱ्या जगात, नोंद सहावी

गेल्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पावसाआधी कादंबरीचं आठवं प्रकरण हातावेगळं करतो. ते राहिलंच, उलट सातवंही फाडून टाकलं. ड्रॅगन, मांडवीच्या मुखाशी आरमारी लढाई, आग्वादवरून सुटणारे गोळे, सगळं गेलं. कारण आमचा मामा.

नव्यांसाठी एका दमात कथानक: एका पहाटे पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचा अख्खा गोवा, ३,७०२ चौरस किलोमीटर, दुसऱ्या जगाच्या समुद्रात बेट होऊन पडतो. जपानी 'इसेकाई' म्हणजे दुसऱ्या जगात जाण्याच्या कथा; त्यांच्या या उपप्रकारात सहसा आख्खं राष्ट्र जातं, सैन्य आणि कारखान्यांसकट, आणि मग समोरच्या तलवारवाल्यांची धुलाई. मला त्यात गंमत वाटेना. रातोरात राष्ट्र व्हावं लागलेलं एक अपुरं राज्य हवं होतं.

सीमेवर सुरी फिरवताना मजा आली. तिळारीचं धरण महाराष्ट्रात राहिलं, म्हणजे बार्देसचे नळ कोरडे. साळावली मात्र आपलं. म्हादईचा उगम पलीकडे कर्नाटकातच राहिल्यामुळे पाण्याचं ते भांडण आपोआप मिटलं. चोर्ला घाटातून येणारी बेळगावची भाजी बंद, ग्रिडची वीज बंद. तिसऱ्या प्रकरणात मंत्रिमंडळाच्या बैठकीत एक म्हातारा आमदार १९५५ ची नाकेबंदी उकरून काढतो: भारताने कोंडी केली तेव्हा पोर्तुगीजांनी बटाटे हॉलंडहून आणले होते. त्यावर कोणीतरी विचारतं, "आता हॉलंड कुठं आहे?" हा संवाद मी कापणार नाही, कोणी कितीही सांगो.

तर मामा. त्याचं चोडणला खाजन आहे, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत. रायबंदरहून फेरीने गेलो आणि बांध फुटण्याचा प्रसंग त्याला वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की भरती चढताना एक माणूस दोर ओढून बांधातल्या पाण्याच्या मोरीची, म्हणजे 'मानस'ची, दारं बंद करतो. मामा हसायलाच लागला. "दोर कोण ओढतो रे? पाणीच लावतं दार." ओहोटी होती, तसाच घेऊन गेला. लाकडी दारं चिखलाने काळी पडलेली, कडेला शिंपल्या चिकटलेल्या, शेतातलं पाणी फटीतून नदीकडे धावत होतं. आम्ही बांधावर बसून राहिलो. नदी चढू लागली तशी धार मंदावली, थांबली, आणि दार हलकेच डुलून चौकटीला टेकलं. 'थप्' एवढाच आवाज. हात कोणी लावला नव्हता. नदीच्या दाबाने बंद, शेताच्या दाबाने उघडं. शेकडो वर्षं कोणी पहारा न देता चाललेलं यंत्र, आणि मी तिथे दोर बांधत होतो.

फेरीत परत येताना ड्रॅगन डोक्यातून उतरले. भरतीवरच गुजराण असलेल्या या जमिनीवर दुसरा चंद्र आणला तर?

मग वही काढली. दुसऱ्या चंद्राचं वस्तुमान आपल्या चंद्राच्या आठवा हिस्सा आणि अंतर निम्मं धरलं. भरतीची ओढ अंतराच्या घनाने बदलते, म्हणून दोघांची ओढ सारखीच पडते. घनता तीच ठेवली तर आकाशात दोघं दिसतातही एकाच आकाराचे. पण हा धाकटा त्या जगाभोवती (ते पृथ्वीएवढंच धरलंय) साधारण पावणेदहा दिवसांत फिरतो. दोन्ही चंद्र एका रेषेत यायला लागतात सुमारे साडेसात दिवस. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी मोठ्याने हसलो. प्रकरणाचं नाव 'साडेसाती' झालं, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

सूर्यही त्याच रेषेत आला की उधाण आपल्या उधाणाच्या पावणेदोनपटीजवळ जातं. आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक उधाणाला सुमारे २ मीटर. म्हणजे पाणी नेहमीपेक्षा दोन-सव्वादोन फूट वर चढणार, बांध ओलांडून थेट भातात. दोन्ही चंद्र काटकोनात असले की एकमेकांची ओढ मारतात, समुद्र जेमतेम हलतो, मग मानस नीट उघडतच नाही आणि शेतातलं पाणी आतच कुजतं. खारं पाणी सोसणारा कोरगुट भातही किती सोसेल?

नायिका आता बदलली. ती दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत भरतीचे तक्ते करते, आणि तिच्या आधी हा घोळ कळतो एका शेतकऱ्याला, जो तिथीला पाऊणने गुणून भरतीची ढोबळ वेळ काढतो आणि सलग चार दिवस चुकतो. हे दोघं एकमेकांना पटत नाहीत, तेवढ्यासाठी एक अख्खं प्रकरण लागलं. लढाई त्याच्या निम्म्यातसुद्धा झाली असती.

अडलोय ते वेगळ्याच ठिकाणी. धाकट्या चंद्राची अमावस्या ते अमावस्या दहा दिवसांची, म्हणजे त्याची चवथ दर दहा दिवसांनी. गोव्यात चवथ कुठल्या चंद्राची धरायची, यावर विधानसभेत रात्रभर चर्चा चालेल याची मला खात्री आहे. आणि दोन्ही चंद्र दिसले तर चोरीचा आळ दोनदा येतो का? पंचांग जाणणाऱ्या कोणी मदत केली तर उपकार होतील.

सध्याची स्थिती: सातव्याचा नवा मसुदा, ४,२०० शब्द, एकही ड्रॅगन नाही. शनिवारी रात्री उधाण आहे. मामा मानशीवर सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) जाळं लावणार, मी टॉर्च आणि वही घेऊन जातोय.