आमची वाटचाल: ‘पाय’ लिहिलेलं बटण

वडील टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. पुसेगावच्या जत्रेत फिल्म तुटली की तंबूत शिट्ट्या सुरू व्हायच्या. वडील शांतपणे तुकडा चिकटवायचे आणि खेळ पुढे चालू. चुकलंमाकलं तर म्हणायचे, ‘उद्या परत आहेच की.’ माझ्या धंद्यात नेमकी हीच सोय नाही.

मी आणि माझी बायको इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या छोट्या चित्रगृहांच्या प्रोजेक्टरची आणि छतावरच्या डिशची कामं करतो. सुरुवात झाली ती रिळं जाऊन हार्ड डिस्क आल्या तेव्हा. जुने ऑपरेटर घरी बसले आणि आम्हाला काम मिळालं. वडिलांना हे कधी नीट सांगता आलं नाही. पण नुसत्या सिनेमावर आमचं घर चाललं नसतं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ३० डिसेंबर २००६ ला पहिला प्रयोग उपग्रहावरून थेट चित्रगृहांत दाखवला. जून २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने नाटक आणलं. मग ज्याला त्याला डिश हवी झाली. सोमवारी सिनेमाला सहा माणसं बसतात, त्याच हॉलमध्ये ऑपेराला खुर्ची मिळत नाही, आणि तिकीट जवळपास दुप्पट.

आमचं पहिलं गिऱ्हाईक दोन पडद्यांचं आर्टहाउस, म्हणजे जरा वेगळे सिनेमे लावणारं छोटं चित्रगृह. तिथला पहिला मार्च मी विसरणार नाही. रोज एक सिनेमा, मधल्या वारी ऑपेरा, शनिवारी न्यूयॉर्क, रविवारी दुपारी मॉस्कोहून बॅले. महिन्याच्या सुरुवातीलाच भरदुपारी सिग्नल तपासताना तो अचानक गेला. केबल, कनेक्टर सगळं उचकलं. थोड्या वेळाने आपोआप परत आला. त्या दिवसांत सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि डिशला त्याचाच गोंगाट ऐकू येतो, हे मला पुस्तकात वाचूनही आठवलं नव्हतं.

दुसरा घोळ घड्याळाचा. अमेरिका घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधल्या दिवसांत अंतर पाचाऐवजी चार तासांचं. न्यूयॉर्कचा दुपारी एकचा प्रयोग इथे एरवी सहाला, तेव्हा मात्र पाचला. मी वहीत सहा लिहिलं होतं. दुपारी मालकीणबाईंचा फोन आला, ‘तिकिटावर पाच आहे. तू कितीला येतोयस?’ जेवण तसंच टाकून पळालो.

पण खरा धडा बॅलेने दिला. प्रक्षेपणाचं चित्र सिनेमाच्या मानाने जरा उंच असतं. मी सिनेमाचंच सेटिंग ठेवलं. चित्र पडद्याची रुंदी भरून बसलं, वर-खाली थोडं कापलं गेलं. सिनेमात कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे सगळ्या नर्तकी घोट्यापासून खाली गायब! पहिल्या अंकातच एक आजीबाई काठी टेकत बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘बाळा, मी पायांचेच पैसे दिलेत.’

त्या रात्रीपासून आम्ही वर्षाच्या करारात एक ओळ घातली: थेट प्रयोगाला आमचं माणूस शेवटपर्यंत हजर. तोपर्यंत आम्ही जुळवून देऊन, प्रयोग सुरू झाला की घरी जायचो. हजेरीचे पैसे वेगळे, आणि खरं उत्पन्न तेच. बायको हिवाळ्यात शिडीवर चढून डिशमधला बर्फ झाडूने काढते. मला उंचीची भीती वाटते, हे गिऱ्हाइकांना अजून माहीत नाही.

मार्च २०२० मध्ये चित्रगृहं बंद झाली तेव्हा हातात काहीच उरलं नाही. देखभालीची बिलंही थांबली. काही महिने मी सामानाची डिलिव्हरी केली. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर मॉस्कोचं बॅलेही गेलं. बऱ्याच रविवारी आता लंडनच्या प्रयोगांची रेकॉर्डिंग लागतात.

त्या आर्टहाउसच्या पॅनेलवर मी बॅलेसाठी वेगळं सेटिंग करून ठेवलंय. वर चिकटपट्टीवर देवनागरीत ‘पाय’ लिहिलंय. तिथल्या पोरांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांना इंग्रजीतला खायचा पाय (अ‍ॅपल पायमधला) वाटला. तेव्हापासून बॅलेच्या दिवशी एकजण हमखास ओरडतो, ‘पाय लावला का?’