एनफील्ड की के-३१?

दोन जुन्या रायफलींपैकी एक घ्यायची, म्हणून आजची अख्खी दुपार त्या न्याहाळण्यात गेली. ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर ४ चा बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा) लोण्यासारखा सरकतो, १० गोळ्यांचं मॅगझिनही मूळचं. पण बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळेना. भाव पडतो तो इथेच. त्यात कुणीतरी लाकूड घासून चकचकीत केलेलं, जुने शिक्केच पुसट झालेत. याचं फार वाईट वाटलं. ओरखडे असलेलं मूळ लाकूड कधीही चांगलं!

स्विस के-३१ चे मात्र सगळे नंबर जुळतात. बोल्ट वर न उचलता सरळ मागे ओढायचा. नळीत उजेड धरून पाहिलं, आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार खाचा) स्वच्छ. के-३१ च्या दस्त्याच्या मागच्या पत्र्याखाली कधीकधी सैनिकाच्या नावाची चिठ्ठी निघते. तेव्हा घेणार ती के-३१च; खरेदीची कागदपत्रं पूर्ण झाली की आधी तो पत्रा उघडणार.