सिगारच्या डब्यातले तीन क्रॉस

"आजोबांच्या छातीवर हे खुद्द कैसरनं लावलं," असं सांगणारं माणूस आमच्याकडे सारखं येतं. पहिल्या महायुद्धात लोखंडी क्रॉस या जर्मन पदकाचे दुसऱ्या श्रेणीचे नग पन्नास लाखांच्या आसपास वाटले गेले. कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, राज्यकारभार सोडून नुसतं तेवढंच केलं असतं तरी त्याला ते उरकलं नसतं. मी अर्थात हे बोलून दाखवत नाही. म्युनिकच्या एका लिलावघरात जर्मन लष्करी पदकांच्या कॅटलॉगचं काम मी करते, आणि घरोघरच्या आख्यायिका मान डोलावत ऐकून घेणं हाही त्या कामाचाच भाग आहे.

त्या दिवशी आलेले गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. कैसरचं नाव त्यांनी काढलं नाही. सिगारचा लाकडी डबा टेबलावर ठेवून "माझ्या आजोबांचं आहे. मुलांना यातलं काही नको," एवढंच म्हणाले.

डब्यात सर्वात वर लोखंडी क्रॉस होता. हे पदक 1813 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या राजानं नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी सुरू केलं, त्याचा आराखडा वास्तुकार शिंकेलचा. नंतर 1870, 1914 आणि 1939 मध्ये ते पुन्हा चालू झालं. यावर 1914 हे साल आणि मुकुटाखाली 'डब्ल्यू' हे अक्षर होतं, म्हणजे कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या काळातलं. अस्सल क्रॉस तीन भागांचा असतो: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी, कडेला डाख दिलेली चांदीची चौकट. नकली बहुधा एकाच ओतीवाचे असतात. मी भिंगातून कडेचा सांधा पाहिला, चुंबक लावून पाहिलं. वस्तू अस्सल होती.

पण या क्रॉसवर नाव कोरलेलं नसतं. त्यामुळे नुसता क्रॉस म्हणजे लाखो जुळ्या भावंडांपैकी एक, आणि किंमतही त्याच मानानं. संग्राहक खरे पैसे मोजतो ते सोबतच्या कागदांसाठी. प्रशियाच्या सैनिकाच्या बाबतीत तर घरचे कागद हाच बहुतेकदा एकमेव आधार असतो, कारण प्रशियाच्या सैन्याचं पॉट्सडॅममधलं दफ्तर एप्रिल 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेलं. बव्हेरिया या दक्षिणेकडच्या राज्याच्या सैन्याचं दफ्तर मात्र म्युनिकमध्ये शाबूत आहे. कंपनीवार नोंदवह्यांत प्रत्येक सैनिकाचं जन्मस्थान, धर्म, धंदा, जखमा, मिळालेली पदकं, सगळं टिपलेलं आहे. अक्षर जुन्या जर्मन वळणाचं. आपल्याकडे मोडीची सवय करावी लागते तशी इथे या लिपीची करावी लागते. गृहस्थांचे आजोबा बव्हेरियन पायदळातले होते. त्यांचं लष्करी पासबुक डब्यात होतंच. काम सोपं वाटलं.

लोखंडी क्रॉसखाली महायुद्धाचे सन्मानक्रॉस निघाले. एक नव्हे, दोन. दोन्हींवर तलवारी होत्या, आघाडीवर लढलेल्यांना देत तसले.

राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गनं जुलै 1934 मध्ये सुरू केलेलं हे पदक महायुद्धात सेवा केलेला कुणीही अर्ज करून मिळवू शकत होता. सत्तर-ऐंशी लाख तरी वाटले गेले असतील. त्याला बाजारात फारसं कुणी विचारत नाही. पण एका माणसाला ते एकदाच मिळे. मी डब्यातले कागद उलगडले. प्रमाणपत्रंही दोन होती, म्युनिक पोलिसांच्या शिक्क्याची, आणि त्यांच्यावर दोन वेगळी आडनावं.

"हे दुसरे कोण?" मी विचारलं.

"आजोबांचा कुणी सोबती असेल. मला माहीत नाही."

नोंदवह्यांची छायाचित्रं आता संगणकावर पाहता येतात. गृहस्थांना कॉफी दिली आणि मी शोधायला बसले. दोघांची रेजिमेंट एक, कंपनी एक. दुसऱ्या श्रेणीचा लोखंडी क्रॉस दोघांनाही मिळाल्याची नोंद. डब्यात मात्र तो एकच. आणि दुसऱ्या माणसाच्या धर्माच्या रकान्यात 'इस्र.' लिहिलेलं, म्हणजे ज्यू.

पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू लढले, त्यांतले बारा हजार परतले नाहीत. हिटलरची पहिल्या श्रेणीच्या क्रॉससाठी शिफारस करणारा अधिकारी हुगो गुटमान हाही ज्यूच होता. हिंडेनबुर्ग ऑगस्ट 1934 मध्ये गेला, त्यामुळे ही प्रमाणपत्रं निघाली ती 'फ्यूररच्या नावे', म्हणजे हिटलरच्या. टेबलावरच्या दोन्ही कागदांवर मजकूर तोच होता, शब्दानं फरक नाही.

जर्मनीच्या संघीय अभिलेखागारानं मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मृतिपुस्तक इंटरनेटवर ठेवलं आहे. त्यात नाव आणि जन्मतारीख जुळली. 20 नोव्हेंबर 1941 ला म्युनिकहून सुमारे हजार ज्यूंना घेऊन गाडी लिथुएनियातल्या कौनासला गेली. 25 तारखेला तिथल्या नवव्या किल्ल्यात त्या सगळ्यांना गोळ्या घातल्या. हा माणूस त्यांच्यात होता.

मी स्क्रीन गृहस्थांकडे वळवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"आजोबांनी हे त्याच्यासाठी सांभाळून ठेवलं, की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच कंपनीतले दोघे. जाण्याआधी ओळखीच्या माणसाकडे डबा ठेवणं अगदी शक्य आहे. पण हद्दपार केलेल्यांचं घरसामान सरकार जप्त करून जाहीर लिलावात विकत असे, आणि त्या कपाटांच्या खणांत असे कागद राहून जात, हेही तितकंच खरं. 'कुटुंबाकडून थेट' ही ओळ आम्ही कॅटलॉगमध्ये मोठ्या तोऱ्यात छापतो. या डब्यापुरती ती खरी होती. फक्त कुठल्या कुटुंबाकडून, हे तिच्यात येत नव्हतं.

कायद्यानं विक्री अडली नसती. जर्मनीत मालकीचा दावा तीस वर्षांनी कालबाह्य होतो, आणि नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबाबतची 1998 ची वॉशिंग्टन तत्त्वं खासगी माणसाला बांधत नाहीत. आमच्या साहेबांनी तर लगेच हिशेब मांडला: ज्यू सैनिकाचं प्रमाणपत्र शोधणारे संग्राहक आहेत, बोली चांगली चढेल. ते खरंच आहे. त्या संग्राहकांतले काही मनापासून अभ्यास करणारे आहेत, काहींच्या कपाटाजवळ मला उभंही राहायचं नाही. मी म्हटलं, नातेवाईक शोधल्याशिवाय मी या लॉटची नोंद लिहिणार नाही. म्युनिकच्या ज्यूंचं चरित्रात्मक स्मृतिपुस्तक शहराच्या अभिलेखागारानंच तयार केलंय, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. साहेब कुरकुरले, पण पत्र पाठवायला हो म्हणाले.

वस्तूंची पोच लिहायला घेतली. आजोबांचं पासबुक, प्रमाणपत्र आणि एक सन्मानक्रॉस एका पोचेवर. दुसरं प्रमाणपत्र आणि दुसरा सन्मानक्रॉस वेगळ्या पोचेवर. लोखंडी क्रॉसपाशी पेन थांबलं. कडीवर निर्मात्याची खूण होती. ती भिंगाखाली पाहून, दोघांना क्रॉस मिळाल्याच्या तारखा ताडून काही लागतं का ते बघितलं. काहीच लागलं नाही.

"दोघांपैकी एकाचा, असं लिहिते," मी म्हणाले.

"असं लिहून कोण विकत घेणार?" साहेब मागून म्हणाले.

"विकायचा नाहीये," गृहस्थ म्हणाले. "तो दुसऱ्या पोचेवर घाला. कुणी सापडलं तर आधी त्यांना विचारा."